टेक्सास की न्यूयॉर्क: नर्स प्रॅक्टिशनरने डॉक्टरांशी करायचा करार

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधे लिहून देऊ शकणारी उच्चशिक्षित परिचारिका) होऊन पहिली नोकरी शोधणाऱ्या आपल्याकडच्या परिचारिका बहुधा पगार आणि घरभाडे यांचाच हिशेब मांडतात. डॉक्टरांशी कोणता लेखी करार करावा लागेल, हे त्याआधी पाहायला हवे. ॲरिझोनात असा करार लागतच नाही. विचार करावा लागतो तो टेक्सास आणि न्यूयॉर्क यांपैकी एकाची निवड करताना.

टेक्सासमध्ये औषधे लिहून देण्याचा अधिकार डॉक्टर कराराने सोपवतात आणि अनुभव कितीही वाढला तरी या करारातून सुटका नसते. दर महिन्याला बैठक आणि काही रुग्णांच्या नोंदींची डॉक्टरांकडून तपासणी ही कराराची नित्याची अंगे आहेत. शिवाय रुग्णालये आणि वैद्यकीय सेवा अपुऱ्या असलेले भाग वगळता एका डॉक्टरला पूर्णवेळ सातजणांपुरतेच असे करार करता येत असल्यामुळे स्वतःचे क्लिनिक काढू पाहणाऱ्यांना आधी डॉक्टर शोधत फिरावे लागते आणि त्यांचे मासिक मानधनही बहुधा स्वतःच सोसावे लागते.

न्यूयॉर्कमध्ये लेखी करार पहिल्या ३,६०० तासांपुरता असतो, म्हणजे आठवड्याला ४० तास धरले तर जेमतेम पावणेदोन वर्षे. त्या काळात डॉक्टरांनी निदान तीन महिन्यांतून एकदा नोंदी पाहायच्या असतात. पुढची मोकळीक देणारी २०२२ ची तरतूद मुदतबंद असल्यामुळे तिची सद्यःस्थिती मात्र तपासून घ्यावी.

मानसोपचार क्षेत्रात काम करायचे असेल, तर माझे मत निःसंशय न्यूयॉर्कच्या बाजूने आहे. लहान मुलांतील अतिचंचलतेवर दिले जाणारे मेथिलफेनिडेट दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे गैरवापराच्या धोक्यामुळे कडक नियंत्रणाखाली असलेल्या औषधांच्या अमेरिकी यादीत, मोडते आणि टेक्सासमध्ये या अनुसूचीतील औषधे नर्स प्रॅक्टिशनरला रुग्णालय किंवा हॉस्पिसच्या (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवेच्या) चौकटीतच लिहिता येतात. बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे जावे लागते. मोठ्या रुग्णालयात नोकरी असेल, तर हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे कराराची व्यवस्था सहसा संस्थाच पाहते.

टेक्सास निवडलेच, तर सहीपूर्वी दोन कलमे नीट वाचावीत: डॉक्टर रजेवर असताना त्यांच्या जागी कोण, आणि करार मोडायचा झाल्यास किती दिवसांची पूर्वसूचना. बदली डॉक्टरचे नाव करारात नसेल, तर ते लिहून घेतल्याखेरीज सही करू नये.