मरँट्झ सीडी६००७ की यामाहा सीडी-एस३०३?

घरच्या स्टिरिओसाठी मध्यम किमतीचा सीडी प्लेअर घ्यायचा असेल, तर आधी हे दोन ऐकावेत. यामाहा बराच स्वस्त आहे. खरा फरक कळतो तो अ‍ॅनालॉग आउटपुटवर. सीडीवरचे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचे आकडे दोघेही सारखेच वाचतात. त्या आकड्यांचा आवाज घडवणारी डॅक चिप आणि तिच्या पुढचे सर्किट मात्र वेगळे. मरँट्झमध्ये एके४४९० चिप आहे, आणि पुढे कंपनीचे स्वतःचे, सुट्या भागांनी बांधलेले एचडीएएम सर्किट. ख्याल ऐकताना तानपुऱ्याची आस आणि गायकाचा दमसास मला त्यावर जास्त भरीव वाटतो. यामाहाचा आवाज मोकळा, थोडा उजळ; तबल्याची चाट त्यावर छान उठते.

हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी मरँट्झच घ्यावा, यामाहाला ती सोयच नाही. यूएसबी दोघांनाही आहे.

पण तुमच्या अँप्लिफायरमध्येच चांगला डॅक असेल, तर मरँट्झसाठी जादा पैसे मोजू नका. दोघांनाही ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियल हे डिजिटल आउटपुट आहेत; त्या वाटेने आकडेच अँप्लिफायरकडे जातात, आणि प्लेअरचा डॅक वापरलाच जात नाही. अशा वेळी खुशाल यामाहा घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.