वायफाय ७ चे एपी कारखान्यात लावून बघितले, कुठं घ्यायचे आणि कुठं नाही

निकाल आधीच सांगतो, घाईत असाल तर एवढं वाचलं तरी चालेल. ऑफिस, डिझाइन आणि कॉन्फरन्स हॉलला नवीन पिढीचे म्हणजे वायफाय ६ किंवा ७ चे एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफायचा सिग्नल देणारी पेटी) घ्या. शॉप फ्लोअर आणि स्टोअरला आत्ता नको. आणि दोन्हीकडं एपीच्या आधी नेटवर्क स्विच (एपीच्या केबल जिथं येऊन जोडतात ती पेटी) आणि केबलचा खर्च धरा, कारण खरी मेख तिथं आहे आणि कोटेशनमध्ये ती नेमकी शेवटच्या पानावर असते.

आमचं युनिट गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. पुढं दोन मजली ऑफिस, मागं मशीन शॉपची पत्र्याची मोठी शेड, बाजूला स्टोअर आणि डिस्पॅच. सगळीकडं वायफाय ५ म्हणजे ८०२.११एसी वेव्ह २ चे एपी आहेत. त्या मॉडेलचा सपोर्ट बंद करायची तारीख कंपनीनं जाहीर केली आणि तिथनं विषय सुरू झाला. मालक म्हणाले, "नेट तर चालतंय की, मग बदलायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि कोल्हापुरात कुठल्याही कारखान्यात, हॉस्पिटलात, कॉलेजात हाच प्रश्न पहिला येणार, म्हणून व्हेंडरकडनं एकाच कंपनीचे वायफाय ६ आणि वायफाय ७ असे दोन्ही डेमो पीस मागवले आणि रोजच्या कामात लावून बघितले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण बोलायचंय ते पिढीबद्दल, आणि बहुतेक गोष्टी सगळ्याच ब्रँडला लागू आहेत.

पहिल्यांदा स्पीडचं. ब्रोशरवर वायफाय ७ ला ४६ जीबीपीएस छापलेलं असतं, वायफाय ६ ला ९.६. त्या ४६ साठी १६ स्ट्रीम (एकाच वेळी समांतर जाणारे डेटाचे प्रवाह) आणि ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल लागतं, आणि आपल्या लॅपटॉपमध्ये स्ट्रीम असतात दोन. दोन स्ट्रीमचा लॅपटॉप आणि ८० मेगाहर्ट्झचं चॅनेल धरलं तर वायफाय ५ वर लिंक स्पीड ८६६ एमबीपीएस, वायफाय ६ वर १२०१, वायफाय ७ वर १४४१. म्हणजे ६ वरनं ७ ला गेल्यावर शेकडा वीस वाढ, ती पण एपीच्या अगदी जवळ बसलात तरच, कारण ती वाढ ४०९६-क्वॅमची (सिग्नलमध्ये जास्त डेटा कोंबायच्या पद्धतीची) आहे आणि त्याला सिग्नल एकदम स्वच्छ लागतो, दोन केबिन पलीकडं गेलं की ती गेली. आणि हा नुसता लिंक स्पीड, फाइल कॉपी करताना हातात येतो तो यापेक्षा बराच कमी. आमची लीज लाइन १०० एमबीपीएसची, त्यामुळं इंटरनेटसाठी बघाल तर जुन्या ५ वाल्यानं सुद्धा लाइन भरून वाहते. "नेट फास्ट होईल" असं सांगून कोण एपी विकत असेल तर आधी तुमच्या लाइनचा स्पीड त्याला सांगा.

मग फरक पडला कुठं? गर्दीत. गिऱ्हाइकाची ऑडिट टीम येते, कॉन्फरन्स हॉलमध्ये सगळ्यांचे लॅपटॉप, सगळ्यांचे मोबाइल, एक जण पुण्याच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर, दुसरा ड्रॉइंग उघडतोय, अशा वेळी जुन्या एपीवर आवाज तुटायचा आणि सगळे नेटला नावं ठेवायचे, खरं लाइन मोकळीच असायची, कोंडी व्हायची ती हवेत. वायफाय ६ मध्ये ओएफडीएमए आलं, म्हणजे एकाच चॅनेलचे छोटे छोटे भाग करून एका वेळी बऱ्याच डिव्हाइसना वाटून देता येतात. आधी प्रत्येकाला आख्खं चॅनेल घेऊन बोलायला लागायचं, पॅकेट कितीही छोटं असूदे. हॉलमध्ये वायफाय ६ चा पीस लावल्यावर कॉल तुटायचे थांबले. वायफाय ७ चा लावला तेव्हा पण तसंच, त्याहून जास्त काय जाणवलं नाही, कारण आलेल्या लोकांच्या हातात वायफाय ७ ची डिव्हाइस होतीच किती? वायफाय ६ चं सर्टिफिकेशन सप्टेंबर २०१९ ला सुरू झालं, ७ चं जानेवारी २०२४ ला. ऑफिसातले लॅपटॉप पाच-सहा वर्षं चालवायची आपली पद्धत बघता ६ वाले आत्ता भरपूर आहेत, ७ वाले हळूहळू येणार. ओएफडीएमए जुन्या ५ वाल्या लॅपटॉपला काहीच देत नाही, हे पण लक्षात ठेवा. एपी ऑर्डर करायच्या आधी कंट्रोलरमध्ये (सगळे एपी एका जागेवरनं सांभाळणारी यंत्रणा) जाऊन क्लायंटची यादी काढा, कुठल्या पिढीची किती डिव्हाइस आहेत ते दिसतं, फुकट आहे, आणि निम्मा निर्णय तिथंच होतो.

डिझाइनवाल्यांकडं मात्र चांगलाच फरक पडला. त्यांच्या मोठ्या असेंब्लीच्या फाइल लोकल सर्व्हरवरनं उघडतात, तिथं लीज लाइनचा संबंध नाही. त्यांचे लॅपटॉप नवीन, एपी डोक्यावर, चॅनेल मोकळं. तिथं वायफाय ७ घ्यायला माझा होकार आहे. खरं एक अट, एपीपर्यंतचा मार्ग २.५ जीचा म्हणजे २.५ जीबीपीएसचा पाहिजे. मागं १ जीचा स्विच ठेवून पुढं नवीन एपी लावला तर उसाची ट्रॉली बोळात अडकल्यासारखं होतं. केबलबद्दल चांगली बातमी अशी की २.५ जी चालायला कॅट ५ई (नेटवर्कची नेहमीची केबल) पुरते, १०० मीटरपर्यंत, त्यामुळं आख्खी बिल्डिंग परत केबल करायची गरज नाही. फक्त जुन्या केबलचं टेस्टरवर टेस्टिंग करून घ्या, आमच्याकडं क्रिम्पिंग नीट नसलेल्या केबल १ जी वर गुपचूप चालत होत्या आणि २.५ वर एरर द्यायला लागल्या.

आता पॉवर, कारण इथं बजेट फसतं. एपीला वीज नेटवर्कच्या केबलमधनंच मिळते, त्याला पीओई म्हणतात. जुना एपी साध्या पीओईवर म्हणजे ८०२.३एएफ वर चालायचा, स्विचकडनं पोर्टला १५.४ वॅट. तीन बँडच्या (२.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ) बऱ्याच वायफाय ७ एपीला पीओई प्लस लागतो, म्हणजे ३० वॅट, आणि मोठ्या मॉडेलना ८०२.३बीटी, ६० वॅट किंवा वर. पॉवर कमी मिळाली तर एपी बंद पडत नाही, तो गुपचूप काही रेडिओ बंद करतो किंवा स्ट्रीम कमी करतो, आणि तुम्ही म्हणत बसता नवीन घेऊन पण काय फरक नाही. दुसरं असं की २४ पोर्टच्या पीओई प्लस स्विचचं एकूण बजेट बऱ्याच वेळा ३७० वॅटच असतं, ३० नं भागलं तर १२ पोर्ट, २४ नाही. शिवाय यूपीएस. एमआयडीसीत लाइट गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत स्विच यूपीएसवर असतो, वॅट वाढले की त्याचा बॅकअप कमी होणार, तो हिशोब आधीच करून ठेवा.

६ गिगाहर्ट्झ या नवीन बँडचं काय, हे मला सगळे विचारतात, कारण वायफाय ७ विकताना मुख्य भांडवल तेच. अमेरिकेनं २०२० मध्ये त्यात १२०० मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय मोकळे केले. आपल्याकडं मे २०२५ च्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ ठेवले, घरात-इमारतीत कमी पॉवरवर म्हणजे ३० डीबीएम (सिग्नलच्या पॉवरचं माप), आणि बाहेर अगदी किरकोळ पॉवरवर, १४ डीबीएम. या ५०० मध्ये ३२० मेगाहर्ट्झचं चॅनेल बसतं एकच. एकच चॅनेल सगळ्या एपींना दिलं तर शेजारचे एपी एकमेकांच्या अंगावर येणार, म्हणजे ब्रोशरवरचा तो ३२० चा आकडा ऑफिसात विसरायचा. ८० ची मात्र सहा चॅनेल मिळतात, ती खरी कामाची. आणि या बँडमध्ये डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवीन पद्धत, डब्ल्यूपीए२ ही जुनी) सक्तीचं, विंडोज १० चालत नाही, विंडोज ११ लागतं. ऑर्डरच्या दिवशी नियम काय आहे आणि त्या मॉडेलचं ईटीए सर्टिफिकेट (वायरलेस उपकरणाची सरकारी मंजुरी) ६ गिगाहर्ट्झ धरून आहे का, हे व्हेंडरकडनं लेखी घ्या. स्वस्तात मिळतंय म्हणून बाहेरनं आणलेला अमेरिकन व्हर्जनचा पीस कंपनीत लावू नका. आम्ही डेमोत ६ गिगाहर्ट्झ बंद ठेवूनच सगळं तपासलं, वर जे लिहिलंय ते ५ गिगाहर्ट्झवरचं आहे.

५ गिगाहर्ट्झला पण आपल्याकडं जागा कमी नाही. ऑक्टोबर २०१८ पासून ६०५ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय मोकळे आहेत, खरं निम्म्या कंपन्यांत अजून सुरुवातीच्या चार चॅनेलवरच सगळे एपी बसलेले असतात. मधली चॅनेल डीएफएसची, तिथं रडारचा संशय आला की एपीला चॅनेल सोडायला लागतं. विमानतळ उजळाईवाडीला, आमच्या शेजारीच, म्हणून डीएफएसचे लॉग आधी बघितले, रडारची नोंद नव्हती, मग ती चॅनेल वापरात घेतली. ऑफिसात रुंदी ८० वरनं ४० केली आणि २.४ गिगाहर्ट्झवर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने रेट बंद केले. एवढ्यावर जुन्या वायफाय ५ एपींचीच तक्रार निम्म्यानं कमी झाली. हे तुम्ही आज करू शकता, खरेदीच्या आधी.

शेडची गोष्ट वेगळी. तिथं पत्रा, क्रेन, मशीनच्या रांगा, सिग्नल सगळीकडनं परत येतो, आणि एपीची पिढी बदलून पत्र्याचं काय होत नाही. तिथं चालणारे हँडहेल्ड स्कॅनर जुने, डब्ल्यूपीए२ वाले, त्यांना स्पीड नको, रोमिंग पाहिजे, म्हणजे चालताना एका एपीवरनं दुसऱ्यावर न तुटता जाता आलं पाहिजे. स्टोअरचे मामा म्हणाले, "साहेब, ह्या रॅकवरनं त्या रॅकवर गेलो की हे परत लॉगिन मागतंय, एवढं तेवढं बघा." डेमोचा वायफाय ७ पीस तिथं लावला तर त्यांचा त्रास होता तसाच राहिला. कमी झाला तो एपीची जागा बदलून, पॉवर कमी करून आणि एक एपी वाढवून, तो पण जुन्याच मॉडेलचा, ऑफिसमधनं काढलेला. त्यात नवीन एपीवर एकच नाव ठेवून डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स लावलं तर काही स्कॅनर जोडलेच जाईनात, म्हणून स्कॅनरसाठी वेगळं एसएसआयडी (वायफायचं नाव) आणि वेगळं व्हीएलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) ठेवायचं ठरवलं. वायफाय ७ चं मल्टी लिंक ऑपरेशन (एकाच वेळी एकाहून जास्त बँडवर जोडणं) पाहिजे असेल तर डब्ल्यूपीए३ लागतंच, त्यामुळं जुनी डिव्हाइस असलेल्या ठिकाणी ते फीचर कागदावरच राहणार.

तरी पण "चालतंय तर चालूदे" याला मी पूर्ण हो म्हणणार नाही. सपोर्ट संपलेल्या एपीला सिक्युरिटी पॅच येत नाहीत. २०१७ ला क्रॅकचं प्रकरण (डब्ल्यूपीए२ मधली सुरक्षेची चूक उघड झाली ते) झालं तेव्हा ज्यांच्याकडं अपडेट येत होते त्यांनी पॅच मारला आणि सुटले. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आपल्या नेटवर्कवर असतात, तिथं असं उघडं राहणं मला पटत नाही. म्हणून शेडमधले जुने एपी सपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच, पुढं एक दिवस नाही, आणि तेव्हा तिथं वायफाय ६ पुरेल.

बदलताना मजला मजला बदला. एक नवीन, एक जुना, परत एक नवीन असं मिसळलं की रोमिंगला त्रास होतो, लॅपटॉप ७ वरनं ५ वर आणि परत असा उड्या मारतो. आणि नवीन एपीला कंट्रोलरचं नवीन फर्मवेअर लागतं, त्या फर्मवेअरमध्ये तुमचं जुनं मॉडेल चालतं का हे तपासा, नाहीतर ऑफिस अपग्रेड करताना शेड बंद पडेल.

शेवटचं लायसन्स. क्लाउडवर चालणाऱ्या एपीचं लायसन्स तीन किंवा पाच वर्षांचं असतं, आणि ते संपल्यावर काय होतं हे ब्रँडप्रमाणं बदलतं, कुठं फक्त मॅनेजमेंट बंद होते, कुठं एपीच काम थांबवतो. कोटेशन घेताना एपी, स्विच, लायसन्स, माउंटिंग आणि केबल टेस्टिंग अशी पाच वेगळी ओळ मागा आणि पाच वर्षांचा एकूण आकडा लिहून घ्या. आमच्याकडं दोन व्हेंडरांत एपीच्या किमतीत जो स्वस्त होता तो पाच वर्षांच्या आकड्यात महाग निघाला. डेमो पीस पण शिफ्ट बदलायच्या वेळेला चालवून बघायला मागा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळेच एपी चांगले वाटतात.