लॅपटॉपचं पॅनल गेलंच नव्हतं, गेले माझे ७,५०० रुपये

नाशिकच्या सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या डोंगलवर (सॉफ्टवेअरची चावी) चालतं, म्हणून थिंकपॅड टी४२ हा जुना लॅपटॉप अजून जपलाय. "नवा घ्या ना" म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नका.

गणपतीच्या आधी स्क्रीन काळी पडली. शालिमारकडच्या एका दुकानात नेला. त्याने माझ्यादेखत मोबाईलची टॉर्च तिरकी मारली, काळ्या स्क्रीनवर आयकॉन अंधुक दिसले, आणि म्हणाला, "बघा काका, पॅनल मेलं." मी मान डोलावली! अहो, चित्र दिसतंय म्हणजे पॅनल जिवंत आहे, मागची उजेड देणारी ट्यूब पेटत नाहीये. तीस वर्षं मशिनी खोलतोय मी. पण पार्टी डोक्यावर बसली होती, जॉब अडकला होता.

पॅनल ६,८००, मजुरी ७००. आगाऊ ४,००० दिले. चार दिवसांनी स्क्रीन लख्ख. खाली उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला. धूळ समजून अंगठ्याने पुसला, जाईना. दोन वर्षं रोज बघतोय तोच ठिपका, "नव्या" पॅनलवर! आणि मी उरलेले ३,५०० मोजून दिले.

सतरा दिवसांत पुन्हा अंधार. पंचवटीतल्या ओळखीच्या पोराने बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, उघडलं. पॅनल माझंच. खालचा इन्व्हर्टर, म्हणजे ट्यूब पेटवणारी छोटी पट्टी, भलत्याच लॅपटॉपचा, कनेक्टर बसेना म्हणून वायरी पिळून टेप मारलेली. बरोबरचा इन्व्हर्टर ६५० ला आला. जुना पार्ट हातात मागून घ्या, मी नाही घेतला.

चौकीत म्हणाले, दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा. तिथे पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे चिठ्ठी, "डिस्प्ले काम ७५००". पक्कं बिल देणारा असा फसवेल का? पुन्हा चौकी. साहेब जेवायला, साहेब मीटिंगला, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एक हवालदार म्हणतो, "काका, एवढ्या जुन्या डब्यात साडेसात हजार घातलेच कशाला?" उद्या माझी जुनी सायकल चोरीला गेली तर हेच विचारणार?

टॉर्चने चित्र दिसलं आणि बाहेरच्या मॉनिटरवर सगळं नीट आलं, तर आधी इन्व्हर्टर बघा. काही दिवस गुलाबी झाक येत असेल तर ट्यूबवर संशय घ्या. चालू इन्व्हर्टरला बोट लावू नका, शेकडो व्होल्ट असतात. आगाऊ तर देऊच नका.

घरी मी अजून ४,००० च सांगितलेत.