खुराड्यातील गादीसाठी भाताचा तूस : मृगापासून होळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

कोंबड्यांच्या खुराड्यात जमिनीवर काय पसरावे असे विचारले, की ‘जे जास्तीत जास्त ओल शोषते ते’ असेच उत्तर बहुतेक वेळा मिळते. दक्षिण कोकणात एक संपूर्ण पावसाळा आणि त्यामागून आलेला हिवाळा दोन प्रकारची गादी शेजारी-शेजारी वापरून पाहिल्यावर हे उत्तर आपल्या हवेसाठी अपुरे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. जून ते सप्टेंबर जिथे हवाच दमट असते, तिथे साहित्य किती पाणी पिते यापेक्षा प्यालेले पाणी ते परत सोडते का आणि ओले झाल्यावरही मोकळे राहते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

खुराडे सुमारे 8 फूट बाय 10 फुटांचे असून खाली कोबा, वर मंगलोरी कौले आणि दोन बाजूंना जाळी आहे. गावठी आणि गिरिराज या सुधारित जातीचे मिळून वीस-बावीस पक्षी रात्री आत असतात आणि पाऊस नसेल तेव्हा दिवसा परसात सोडले जातात. मृगाच्या आधी मधोमध आडवी फळी टाकून एका भागात सॉमिलमधला लाकडाचा भुसा आणि दुसऱ्या भागात भातगिरणीतला तूस, दोन्हीकडे साधारण तीन इंचांचा थर पसरला.

भुशाने सुरुवात चांगली केली. विष्ठा त्यात लगेच कोरडी पडे, वासही लाकडाचा येई. पण आमच्याकडच्या सॉमिलमध्ये आंब्याचे आणि अकेशियाचे ओंडके ओले असतानाच कापले जातात, त्यामुळे भुसा घरी येतो तोच पोटात ओल घेऊन येतो आणि त्याचे कण बारीक असल्यामुळे ते एकमेकांत घट्ट बसतात. आषाढ लागेपर्यंत पाण्याच्या भांड्याभोवती आणि बसायच्या दांड्याखाली त्याची जाड, चिवट पोळी तयार झाली, जी दाताळ्याने उलटावी लागे आणि दोन दिवसांत पुन्हा जमे. तुसाच्या बाजूला दांड्याखालचा भाग ओला होत नव्हता असे नाही. मात्र तुसाचा प्रत्येक दाणा होडीसारखा पोकळ आणि कडक राहतो, त्यात सिलिका भरपूर असल्याने तो लवकर कुजत नाही, आणि दोन दाण्यांच्या मधून हवा खेळत राहते. पाऊस उघडला की आठवड्यातून दोनदा खालवर केल्यावर तो थर वाळत असे. भुशाचा थर त्याच वेळेत फक्त वरून वाळे.

गादी चप्प होण्याने केवळ पाय चिकटतात असे नाही, खरा धोका त्याहून खोल आहे. कोंबडीच्या विष्ठेतील युरिक आम्लाचे जिवाणूंमार्फत विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि ओल वाढली की ही क्रिया झपाट्याने वाढते. गादीतील ओलावा 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास असणे योग्य मानतात. परसात मोजण्याचे यंत्र कोणाकडे नसते, पण मूठभर गादी आवळून पाहिली तरी पुरेसे कळते: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती फार ओली, हलकेच बांधून लगेच विखुरली तर योग्य, आणि अजिबात धरली नाही तर इतकी कोरडी की धूळ उडणार. वास मात्र उभे राहून घेऊ नये. पक्ष्याचे डोके जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, म्हणून उकिडवे बसून श्वास घ्यावा. डोळ्यांना झोंबले, तर पक्षी तेच रात्रभर सोसत आहेत असे समजावे. रक्ती हगवणीचा धोकाही याच ओलीशी जोडलेला आहे, कारण ती ज्या परजीवीमुळे होते त्याची विष्ठेतून पडलेली पुटी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम बनते, आणि त्याची झळ पिल्लांना सर्वांत आधी लागते.

चुन्याविषयी मुद्दाम लिहितो. विझवलेला चुना मिसळल्याने गादी मोकळी होते हे खरे आहे, परंतु तो अल्कधर्मी असल्यामुळे साठलेला अमोनिया त्याच वेळी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. म्हणून सकाळी पक्षी परसात गेल्यावर चुना टाकावा, नीट मिसळावा आणि संध्याकाळपर्यंत जाळ्या उघड्या ठेवाव्यात.

तूस घेताना गिरणी कोणत्या प्रकारची आहे हे अवश्य पाहावे. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र भरडून निघतो. ते मिश्रण बारीक असते, ओले झाले की आंबते आणि उंदरांना बोलावते. रबरी रोल असलेल्या गिरणीत तूस अखंड आणि वेगळा मिळतो, तोच घ्यावा. दिवाळीनंतर भरडाई जोरात असते तेव्हा तो मुबलक असतो. पुढे वीटभट्ट्यांसाठी उचल सुरू झाली की मिळणे अवघड होते, त्यामुळे पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यातच कोरड्या पोत्यांत भरून, जमिनीपासून उंच रचून ठेवणे शहाणपणाचे आहे.

तुसात दोष आहेत आणि ते थंडीत दिसले. माघ महिन्यात हवा कोरडी झाल्यावर पक्षी उकरू लागले की बारीक कुसळांची धूळ उडे, आणि ताजी पातळ विष्ठा तूस पुरेशी टिपत नसल्याने ती सरळ कोब्यापर्यंत उतरे. या दिवसांत मी तीन भाग तूस आणि एक भाग पूर्ण वाळवलेला, रंध्याखालचा जाडसर भुसा असे मिश्रण केले. ते दोन्ही शुद्ध प्रकारांपेक्षा सरस ठरले. भुसा घेताना रसायन मारलेल्या लाकडाचा किंवा प्लायवुडचा नको, एवढे मात्र विचारून घ्यावे. अगदी लहान पिल्ले दाणे समजून तूस टिपतात, म्हणून पहिले काही दिवस त्यावर खरखरीत कागद अंथरावा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात.

शेंगांची टरफले हलकी आणि चांगली असतात, पण दमट हवेत त्यांना बुरशी लवकर धरते आणि भुईमुगावरील बुरशीचे विष कोंबड्यांना घातक असते, तेव्हा आपल्या पावसाळ्यात ती नकोतच. वाळूचा विचार कोरड्या मुलखातील लोकांनी करावा.

होळीच्या सुमारास काढलेली जुनी गादी थेट झाडांना घातली नाही, कारण ताज्या कोंबडीखताचा दाह मुळांना होतो. शेण आणि गिरिपुष्पाच्या पाल्यासोबत ती खड्ड्यात रचली आहे आणि अधूनमधून पाणी शिंपडत आहे. तुसाचे दाणे त्यात दीर्घकाळ ओळखू येतील, पण माड आणि केळीच्या आळ्यांत त्याची अडचण होत नाही.

भाताचा पेंढा मी खुराड्यातून पूर्ण वगळलेला नाही. जमिनीवर तो गुंता होऊन खाली कुजतो आणि त्यातील बुरशी पिल्लांच्या फुफ्फुसांना बाधते, परंतु अंडी घालण्याच्या टोपल्यांत त्याच्याइतके मऊ आणि कोंबड्यांना पसंत असे दुसरे काही मिळालेले नाही. तेथे मूठभर कोरडा पेंढा घालतो आणि दर आठवड्याला, अंडे फुटले तर त्याच दिवशी, बदलतो.