प्रजातींची यादी: स्प्रेडशीट की टॅक्सॉनवर्क्स?
शंभर-दोनशे प्रजातींची, एकट्याने सांभाळायची यादी असेल तर स्प्रेडशीटच बरी. उघडली, भरली, झालं. गाडी अडते ती नावं बदलू लागली की, आणि ती बदलतातच. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली सिंहाला ‘फेलिस लिओ’ म्हटलं; आज तो ‘पँथेरा लिओ’ आहे. स्प्रेडशीटमध्ये जुनं खोडून नवं लिहिलं की मधला इतिहास गेला. टॅक्सॉनवर्क्स या वेबवर चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीत मूळ नाव तसंच राहतं, फक्त जीनसशी (जवळच्या प्रजातींचा गट, नावातला पहिला शब्द) असलेलं नातं बदलायचं. जीनस बदलला की प्राणिशास्त्राच्या नियमानुसार प्रजातीच्या नावापुढे लिहिलेलं लिनियसचं नाव आणि साल कंसात जातं. तो कंसही प्रणालीच घालते.

आणि स्प्रेडशीटमध्ये सेलचा कोपरा धरून खाली ओढायची ती सवय! ‘लिनियस, १७५८’च्या खाली १७५९, १७६० उमटत जातं, महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

चारजण एकाच वेळी काम करणार असतील तर वेबला पर्याय नाही. नाहीतर ‘अंतिम_नवीन_२’ नावाच्या फायली साठतात. टॅक्सॉनवर्क्समधून डार्विन कोअर या जैवविविधतेच्या माहितीसाठीच्या प्रमाणित साच्यात माहिती बाहेर काढता येते, म्हणून उद्या प्रणाली सोडली तरी माहिती अडकत नाही. मात्र शिकायला वेळ लागतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची तर जाणकार माणूसही हवा. ‘मुक्त’ म्हणजे बिनखर्चाची नव्हे.