हिकारीसीपी वापरून बघितला: पूल झकास, पण तो भरला की आधी आपला कोड बघा

जावाच्या वेब ॲप्लिकेशनला कुठला कनेक्शन पूल (डेटाबेसची कनेक्शनं उघडून ठेवून मागेल त्याला वाटणारा भाग) लावायचा यावर भांडण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने २०१८ मध्ये २.० आवृत्तीत टॉमकॅट या वेब सर्व्हरचा पूल बाजूला सारून हिकारीसीपी डिफॉल्ट केला, आणि आपण तो वापरतोय हे निम्म्या लोकांना ठाऊकसुद्धा नसतं. मी मात्र तो मुद्दाम घेऊन स्प्रिंग बूट नसलेल्या, साध्या टॉमकॅटवर चालणाऱ्या एका जुन्या ॲपमध्ये बसवला आणि मग जमेल तेवढा छळला, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी काय चालू होतं ते सांगतो, नाहीतर कौतुक कशाचं ते कळणार नाही. ॲप प्रवेश अर्जांचं, म्हणजे वर्षभर निवांत आणि शेवटच्या तारखेला सगळे एकदम. त्या दिवशी पान उघडायचंच नाही, नुसतं गोल फिरत राहायचं, एरर नाही, काही नाही. गंमत म्हणजे सर्व्हरचा सीपीयू रिकामा, डेटाबेसचाही रिकामा. सगळे म्हणायला लागले नेटवर्क, नेटवर्क. जेस्टॅकने थ्रेड डंप, म्हणजे कुठला थ्रेड (रिक्वेस्ट हाताळणारा कामगार) कुठल्या ओळीवर आहे याची यादी, काढला तर टॉमकॅटच्या २०० थ्रेडपैकी जवळजवळ सगळे एकाच ओळीवर उभे, पूलकडे कनेक्शन मागून. कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये तर मॅक्सॲक्टिव्ह (जास्तीत जास्त कनेक्शनं) ५० लिहिलेलं होतं, मग अडतंय कुठे?

अडत होतं असं की टॉमकॅट ८ पासून आतला पूल, डीबीसीपी, दुसऱ्या पिढीचा आला आणि त्यात मॅक्सॲक्टिव्हचं नाव मॅक्सटोटल झालं, किती वेळ थांबायचं ते सांगणाऱ्या मॅक्सवेटचं मॅक्सवेटमिलिस झालं. जुनी नावं लिहिलीत तर ती मान्यच नाहीत. म्हणजे ५० च्या जागी डिफॉल्ट ८ कनेक्शन, आणि किती वेळ थांबायचं तर उणे एक, म्हणजे कायमचं. कॅटॅलिनाच्या लॉगमध्ये चालू होतानाच एक वॉर्निंग पडत होती, की ही प्रॉपर्टी डीबीसीपी२ मध्ये वापरली जात नाही, मॅक्सटोटल वापरा, त्याची डिफॉल्ट किंमत ८ आहे, तुम्ही दिलेल्या ५० कडे दुर्लक्ष केलं जातंय. एवढं स्वच्छ लिहिलेलं, पण ते शेकडो ओळींच्या मध्ये, आणि अपग्रेड करणाऱ्या आधीच्या टीममधल्या कुणी तो लॉग वाचलेला दिसत नाही.

आता दोन नावं बदलून तिथेच राहता आलं असतं हे मान्य. पण मला असा पूल हवा होता जो अडला की बोंब मारेल, गप्प बसणार नाही. आणि हिकारीची खरी खासियत मला तीच वाटते. लोक त्याच्या वेगाचं कौतुक करतात, तो लिहिणाऱ्या ब्रेट वूलड्रिज आणि मंडळींनी मायक्रोसेकंदांसाठी केलेली कसरत खरंच भारी आहे, पण आपली एक क्वेरी वीस मिलिसेकंद खाते तिथे पूलने वाचवलेले मायक्रोसेकंद कोण मोजतंय. मला आवडली ती त्याची शिस्त. कनेक्शन नाही मिळालं तर ३० सेकंदांनी सरळ एक्सेप्शन, "कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट", आणि नव्या आवृत्त्यांमध्ये त्याच ओळीत एकूण किती, वापरात किती, रिकामी किती, रांगेत किती हेही छापून येतं. अर्धं निदान तिथेच झालं. ३० सेकंदसुद्धा वेब पानासाठी खूपच, मी ५ वर आणलं, तेवढ्यात नाही मिळालं तर पोराला "थोड्या वेळाने प्रयत्न करा" दाखवलेलं बरं.

बसवणं सोपं आहे, एक छोटी जार, यूआरएल, युजर, पासवर्ड, बास. डिफॉल्ट १० कनेक्शन. टेस्ट क्वेरी लिहायची नाही, ते "सिलेक्ट १" वगैरे विसरा, जेडीबीसी ४ चा ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) असेल तर हिकारी स्वतःच त्याला इझव्हॅलिड, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का, ते विचारून घेतो, आणि कनेक्शन नुकतंच, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत वापरलेलं असेल तर तेही विचारत नाही.

आता छळाकडे. हे सगळं डॉकरच्या कंटेनरमध्ये पोस्टग्रेस डेटाबेस उभा करून कुणालाही घरी करता येतं, महागडं टूल लागत नाही. पहिलं म्हणजे जेमीटर या टूलने खोट्या रिक्वेस्टचा लोड चालू ठेवून मध्येच डेटाबेसचा कंटेनर रीस्टार्ट केला. क्षणभर एररचा पाऊस, डेटाबेस परत आला की मेलेली कनेक्शनं एकेक करून फेकली, नवीन आणली, ॲपला हात लावावा लागला नाही. पैकीच्या पैकी मार्क. मग पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने अधूनमधून एखादं कनेक्शन मारत राहिलो, तर जवळपास सगळ्या वेळी वापरणाऱ्याला कळलंच नाही, एखादा फटका बसला तो त्या अर्ध्या सेकंदाच्या सवलतीमुळे.

तिसरी टेस्ट मात्र बघण्यासारखी. रीस्टार्ट न करता डॉकर पॉज मारलं. म्हणजे डेटाबेस मेला नाही, गोठला. सॉकेट उघडं, समोरून उत्तर नाही. फायरवॉल गुपचूप पाकिटं टाकून द्यायला लागली की प्रत्यक्षात असंच होतं. इथे पूलमध्ये रिकामी पडलेली कनेक्शनं हिकारी तपासतो, ५ सेकंदांत उत्तर नाही आलं की टाकून देतो, ठीक. पण जे थ्रेड क्वेरी पाठवून उत्तराची वाट बघत बसलेत त्यांचं काय? त्यांना सोडवणं पूलच्या हातातच नाही, ते काम ड्रायव्हरचं, आणि पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचा सॉकेटटाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची) डिफॉल्ट ०, मायएसक्यूएलचाही ०, म्हणजे बसा अनंतकाळ. दहाच्या दहा कनेक्शनं अशी अडकली की पुढच्या प्रत्येकाला पूलचा टाइमआउट आणि सगळे म्हणणार हिकारी बिघडला. यूआरएलमध्ये सॉकेटटाइमआउट टाका, पोस्टग्रेसला सेकंदांत आणि मायएसक्यूएलला मिलिसेकंदांत, हा घोळ लक्षात ठेवा, नाहीतर ३० लिहाल आणि मायएसक्यूएलवर ३० मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी तुटेल.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे सकाळी पहिल्याच रिक्वेस्टला मरणारं कनेक्शन. मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट मूळचा ८ तासांचा असतो पण होस्टिंगवाले तो बरेचदा कमी करून ठेवतात, क्लाउडचे लोड बॅलन्सर तर काही मिनिटांतच शांत पडलेलं कनेक्शन सोडून देतात. हिकारीचा मॅक्सलाइफटाइम, म्हणजे एका कनेक्शनचं कमाल आयुष्य, ३० मिनिटांचा आहे. मधल्या कुणाचीही मर्यादा त्याहून कमी असेल तर हा आकडा तिच्याही खाली आणा, काही सेकंदांनी का होईना. मर्यादा नुसत्या शांत पडलेल्या कनेक्शनवर असेल तर कनेक्शन अधूनमधून जागं ठेवणाऱ्या कीपअलाइव्हटाइमनेही भागतं. लॉगमध्ये "पॉसिबली कन्सिडर युझिंग अ शॉर्टर मॅक्सलाइफटाइम व्हॅल्यू" अशी ओळ दिसली तर तो तुम्हाला हेच सांगतोय. पूलने स्वतः उपाय सुचवायचा हे मला फार आवडलं.

आता पूल किती मोठा ठेवायचा. आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, कमी पडतोय ना, मग वाढव, १०० कर, २०० कर. हॉटेलात टेबलं वाढवून मिसळ लवकर येत नाही, आत शेगड्या किती त्यावर ते ठरतं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते, चार कोरच्या मशीनवर दोनशे प्रोसेस भांडायला सोडल्या तर सगळ्याच रखडणार. पोस्टग्रेसवाल्यांचा जुना अंदाज आहे, कोर गुणिले दोन अधिक डिस्क, म्हणजे चार कोर आणि एक डिस्क असेल तर ९. हिकारीच्या विकीवर यावर एक आख्खं पान आहे आणि त्यात ओरॅकलच्या रिअल वर्ल्ड परफॉर्मन्स ग्रुपचा डेमो दिलाय: बाकी काही न बदलता फक्त पूल २०४८ वरून ९६ वर आणला तर रिस्पॉन्स सुमारे १०० मिलिसेकंदांवरून २ वर आला. मॅनेजरला पटवायला या पानाइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पण दहात भागणार कसं, असं विचाराल. साधा हिशेब करा. सेकंदाला ४० रिक्वेस्ट, प्रत्येकीने कनेक्शन ५० मिलिसेकंद धरलं तर एका वेळी सरासरी २ च वापरात. तेच प्रत्येकीने ३ सेकंद धरलं तर १२० लागतील. म्हणजे प्रश्न रिक्वेस्ट किती येतात याचा कमी आणि कनेक्शन किती वेळ मुठीत धरून बसताय याचा जास्त. आमच्याकडे अर्ज सेव्ह करणाऱ्या मेथडमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून आतल्या आत एसएमएस पाठवला जायचा, आणि गर्दीच्या दिवशी तो गेटवे स्वतःच लोळण घेतलेला. एसएमएस जाईपर्यंत कनेक्शन अडून. तो कॉल कमिटनंतर हलवला आणि दहातली निम्मी रिकामी दिसायला लागली. स्प्रिंग बूटवाल्यांनी ओपन-इन-व्ह्यू पण बघून घ्या, डिफॉल्ट चालू असतं आणि पहिली क्वेरी झाली की पान पूर्ण तयार होईपर्यंत कनेक्शन सोडत नाही.

आता तो कापलेला अर्धा मार्क. लीक, म्हणजे घेऊन परतच न दिलेलं कनेक्शन, शोधायची सोय, लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड, फारच सुंदर आहे आणि बंद अवस्थेत येते! का राव? किमान २ सेकंद ठेवता येतो, मी टेस्टिंग सर्व्हरवर १० ठेवला आणि पहिल्याच दिवशी "अपॅरंट कनेक्शन लीक डिटेक्टेड" आणि खाली आख्खा स्टॅक ट्रेस, कनेक्शन कुणी, कुठल्या ओळीवर घेतलं त्यासकट. ओळ उघडली तर क्लोज खाली व्यवस्थित लिहिलेलं, पण त्याच्या वर "अर्ज आधीच भरलेला आहे" तपासून तिथूनच रिटर्न. म्हणजे जेवढी पोरं दुसऱ्यांदा सबमिट दाबणार तेवढी कनेक्शनं गायब, आणि साइट अडकली की पोरं सबमिट पुन्हा पुन्हा दाबणारच. ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये टाकलं, म्हणजे कुठूनही बाहेर पडलं तरी क्लोज आपोआप होतं, मिटलं. अजून एक बारकावा, ते कनेक्शन नंतर परत आलं तर हिकारी "अनलीक्ड" असं कळवतो, म्हणजे गळती वेगळी आणि नुसती मंद क्वेरी वेगळी हे लॉगवरूनच ओळखता येतं.

टॉमकॅटच्या पूलमध्ये असं हरवलेलं कनेक्शन जबरदस्तीने परत ओढायची सोय आहे, रिमूव्हॲबँडन्ड म्हणतात. हिकारीत ती नाही आणि काहींना ती कमी वाटते. मला नाही वाटत. चालू असलेल्या रिपोर्टखालून कनेक्शन ओढून घेतलं की जे एरर येतात ते शोधणं त्याहून भयंकर.

नावांचा गोंधळ मात्र आहेच. कनेक्शनटाइमआउट म्हणजे पूलपाशी रांगेत थांबायचा वेळ, डेटाबेसला जोडायचा नव्हे, ते ड्रायव्हरचं कनेक्टटाइमआउट. दोन नावं इतकी सारखी की नवीन पोरं हमखास फसतात. आणि स्टेटमेंट कॅश (तयार केलेल्या क्वेऱ्या साठवून ठेवणं) पूलमध्ये नाहीच, ती ड्रायव्हरकडून घ्या असं हिकारीवाले ठामपणे सांगतात. कारण पटतं, सांगायची पद्धत जरा मास्तरकी.

टेस्टिंगची एक युक्ती, जी फार कुणी सांगत नाही. इंटिग्रेशन टेस्ट चालवताना पूलचा आकार १ ठेवा. एकच. ज्या कोडला एका थ्रेडमध्ये एक कनेक्शन धरून ठेवून दुसरं लागतं तो तिथेच अडकतो. आमच्याकडे ऑडिट नोंद रिक्वायर्स-न्यू ट्रान्झॅक्शनमध्ये होती, म्हणजे पहिलं धरून दुसरं मागायचं. पूल १० चा असताना एकट्याने टेस्ट केलं तर काहीच कळत नाही, आणि दहा जण एकाच क्षणी पहिलं घेऊन दुसऱ्यासाठी थांबले की सगळेच अडले, कुणीच कुणाला सोडवू शकत नाही. यासाठी विकीवर सूत्रही आहे, थ्रेड गुणिले (एकाला लागणारी कनेक्शनं वजा एक), आणि त्यात एक मिळवा, म्हणजे दहा थ्रेड आणि दोन कनेक्शनं असतील तर ११. पण टॉमकॅटचे २०० थ्रेड धरले तर २०१ होतात, त्यापेक्षा ती ऑडिट नोंद मुख्य ट्रान्झॅक्शन संपल्यावर करा.

मॉनिटरिंगला मायक्रोमीटर या लायब्ररीमधून आकडे मिळतात. मी ग्राफानाच्या आलेखांवर फक्त पेंडिंग (रांगेत किती) आणि अक्वायर (कनेक्शन मिळायला किती वेळ) हे दोनच लावलेत. ॲक्टिव्ह दहाला टेकलं तर घाबरायचं कारण नाही, पेंडिंग शून्यावरून उठून तिथेच राहिलं तर बघायचं. त्याच वेळी पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये "आयडल इन ट्रान्झॅक्शन"वाले किती ते बघा, ते जास्त दिसले तर दोष डेटाबेसचा नाही, ट्रान्झॅक्शन उघडून दुसरीकडेच भटकणाऱ्या आपल्या कोडचा.

एक मर्यादा मात्र या पूलच्या बाहेरची आहे. हिकारी प्रत्येक ॲपच्या पोटात बसतो, शेजारच्या सर्व्हरवर काय चाललंय हे त्याला दिसत नाही. कुबरनेटिसवर ॲपच्या १२ प्रती, म्हणजे १२ पॉड झाले की १२ गुणिले १० म्हणजे १२० कनेक्शनं, आणि पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स डिफॉल्ट १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. अशा वेळी प्रत्येक पॉडचा पूल छोटा करा किंवा मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे सगळ्या पॉडना सामाईक असा बाहेरचा पूल, बसवा. आणि क्वार्कस या जावा फ्रेमवर्कवर असाल तर तिथे ॲग्रोल हा पूल आधीच बसवलेला असतो, हिकारीसाठी त्याची उचकाउचक करू नका.