शिकागो १८९३ चा डिप्लोमा: फ्रेम जुनी, कागद नवा

१८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाचा बक्षीस-डिप्लोमा विकत घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. राजा रविवर्मा यांच्या चित्रांना पारितोषिकं मिळाली तेच हे प्रदर्शन, म्हणून आपल्या मंडळींनाही त्याचं आकर्षण असतं.

मी घेतला तो ओहायोतल्या एका शिवणयंत्र कंपनीच्या नावाचा, ऑनलाइन, ४०० डॉलरला. सगळे फोटो काचेतून काढलेले. फ्रेम खरोखरच जुनी होती, मागे गंजलेले खिळे आणि तपकिरी कागद. 'आतला कागद ठिसूळ आहे, फ्रेम उघडू नका,' असं विक्रेता पुन्हा पुन्हा बजावत होता. खरी मेख तिथेच आहे. रिकामी जुनी फ्रेम स्वस्तात मिळते, आणि आतल्या कागदाच्या वयाची साक्ष तीच देते.

पार्सलसोबत टाइप केलेली 'घराण्याची हकिगत' आली. म्हणे ३० ऑक्टोबरच्या सांगता समारंभात शिकागोच्या महापौरांनी स्वतः हा डिप्लोमा पणजोबांच्या हाती दिला. महापौर कार्टर हॅरिसन यांचा २८ ऑक्टोबरलाच राहत्या घरी खून झाला होता आणि त्यामुळे सांगतेचा सोहळा रद्द झाला होता. शिवाय हे डिप्लोमे विजेत्यांना मिळायला १८९६ उजाडलं. म्हणजे मेलेल्या महापौराने न झालेल्या समारंभात न छापलेला कागद दिला! थापा मारणाऱ्याने थोडा तरी अभ्यास करावा.

मग फ्रेम उघडलीच. अस्सल डिप्लोमा विल लो या चित्रकाराच्या चित्रावरून धातूच्या पाट्यावर कोरला गेला आणि वॉशिंग्टनमध्ये, नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्यात छापला गेला. त्याच्या रेषा भिंगाखाली सलग दिसतात, तिरप्या उजेडात शाईचा उठाव कळतो. विक्रेत्याकडे काच काढून, तिरप्या उजेडातलाच फोटो मागा. माझ्या कागदावर नुसती रंगीत ठिपक्यांची रांगोळी होती. अतिनील टॉर्च मारली तर कागद निळसर चमकला. असा चमकणारा कागद सर्रास झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. (चमकला नाही म्हणजे अस्सल, असं मात्र धरू नका.)

विक्रेत्याचं उत्तर एवढंच: 'जसं आहे तसं विकलं.' पुढे त्याचीच नवी जाहिरात दिसली. पाण्याचा डाग त्याच जागी, नाव मात्र एका पियानो कंपनीचं. तिचे स्क्रीनशॉट आणि भिंगाखालचे फोटो जोडून कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. पैसे परत मिळाले, पाठवणीचा खर्च बुडाला.